विश्लेषण : धुक्यात दोन बोटी धडकल्या, तर दोष कोणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. भंडारदरा, मुळा, निळवंडे ही धरणे, शेवगाव-नेवाशापर्यंत पसरलेला नाथसागर आणि कर्जतच्या सीमेवरचे उजनीचे पाणी. या पाण्यावर पहाटे मच्छीमारांच्या होड्या असतात, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या बोटी असतात आणि हिवाळ्यात धुकेही असते. अशा धुक्यात दोन बोटी एकमेकींवर आदळल्या, तर जबाबदार कोण? ‘धुकेच होते, कोणाचा काय दोष?’ हे उत्तर कायद्याला का मान्य नाही, दोष कसा ठरतो आणि नुकसानभरपाई कोणाकडे मागायची, याविषयी…

हा प्रश्न अहिल्यानगरमध्ये का महत्त्वाचा?

बोटीचा अपघात म्हटला की मुंबई आणि कोकण डोळ्यांसमोर येते. मे २०२४ने हा समज मोडला. २१ मे रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. त्यात दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले.

या दोन्ही दुर्घटनांत धुके नव्हते आणि टक्करही नव्हती. पण धरण-नदीतले पाणी समुद्राइतकेच जीवघेणे ठरते, हे त्यातून दिसले. टक्करीचा धोका तर धुक्याच्या दिवसांत अधिक. जाळी संध्याकाळी टाकायची आणि पहाटे उचलायची, हा धरणातल्या मासेमारीचा नेहमीचा क्रम आहे. म्हणजे होड्या पाण्यात असण्याची वेळ आणि धुक्याची वेळ नेमकी एकच.

धुके पाण्यावरच दाट का दिसते?

हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली की त्याला धुके म्हणतात. ती २०० मीटरच्या खाली गेली तर दाट आणि ५० मीटरच्या खाली गेली तर अतिदाट धुके. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असले की रात्री जमीन वेगाने थंड होते. थंड हवा जड असल्याने ती दरीत आणि नदीपात्रात उतरते. धरणातले पाणी मात्र दिवसभराची ऊब धरून असते. उबदार पाण्यावरची ओलसर हवा थंड हवेला भेटली की बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि पाण्यावर पांढरी चादर पसरते. गावात स्वच्छ दिसत असताना धरणावर काहीच दिसत नाही, ते यामुळे. वारा नसेल तर ही चादर सूर्य वर येईपर्यंत हलत नाही.

पावसाळ्यात भंडारदऱ्याकडे ढग थेट पाण्यावर उतरतात. नौकानयनाच्या नियमांत ‘मर्यादित दृश्यमानता’ या व्याख्येत धुक्याबरोबर मुसळधार पाऊस आणि धुळीचे वादळही येते. त्यामुळे पुढे दिलेले नियम केवळ हिवाळ्यापुरते नाहीत.

‘उजवीकडून येणाऱ्याला वाट’ हा नियम धुक्यात का चालत नाही?

समुद्रावरील टक्करी टाळण्यासाठी १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ते १५ जुलै १९७७पासून लागू झाले आणि भारतानेही ते स्वीकारले आहेत. स्वच्छ हवेत हे नियम रस्त्यावरच्या नियमांसारखे आहेत. समोरासमोर आल्यास दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचे. मार्ग छेदत असतील, तर जिच्या उजव्या बाजूला दुसरी बोट आहे तिने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला सांभाळून जायचे. म्हणजे एक बोट ‘वाट देणारी’ आणि दुसरी ‘मार्गावर राहणारी’ असते. त्यामुळे दोष ठरवायला सुरुवात कुठून करायची, हे ठाऊक असते.

पण हे सगळे नियम ‘एकमेकांना दिसणाऱ्या’ बोटींसाठी आहेत. धुक्यात कोणी कोणाला दिसतच नाही. अशा वेळी नियम क्रमांक १९ लागू होतो आणि तो वाट मिळण्याचा हक्क कोणालाच देत नाही. दोन्ही बोटींवर सारखीच जबाबदारी येते. ‘मी माझ्या मार्गाने सरळ जात होतो, तोच येऊन आदळला’ हा बचाव स्वच्छ हवेत काही प्रमाणात चालतो. धुक्यात तो जवळपास निरुपयोगी ठरतो. धुक्यातील बहुतेक टक्करींत दोष दोघांकडे जातो, त्याचे मूळ इथे आहे.

सुरक्षित वेग म्हणजे नेमका किती?

नियमांत आकडा दिलेला नाही. धोका दिसल्यावर टक्कर टाळता येईल आणि योग्य अंतरात थांबता येईल, तो वेग सुरक्षित. तो ठरवताना विचारात घ्यायची पहिलीच बाब म्हणजे दृश्यमानता.

साधा हिशेब पाहा. दोन स्पीडबोटी ताशी २० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. प्रत्येकीचा वेग सेकंदाला साधारण साडेपाच मीटर, म्हणजे दोघींमधले अंतर सेकंदाला ११ मीटरने कमी होते. धुक्यात ५० मीटरच दिसत असेल, तर एकमेकांना पाहिल्यापासून धडकेपर्यंत हातात साडेचार सेकंद उरतात. चालकाला दिसणे, कळणे, सुकाणू फिरवणे आणि बोट वळणे हे सगळे त्यात व्हायला हवे. बोटीला ब्रेक नसतो, हेही विसरून चालणार नाही. तेच दोघे ताशी सहा किलोमीटरने जात असते, तर १५ सेकंद मिळाले असते.

यावरून न्यायालयांनी जुन्या काळी एक ठोकताळा वापरला होता : जितके दिसते, त्याच्या निम्म्या अंतरात बोट थांबली पाहिजे. समोरच्यानेही तेच केले, तर दोघे मध्यावर धडकण्याआधी थांबतात. आज हा ठोकताळा काटेकोर नियम म्हणून लावला जात नाही. पण चौकशीत पहिला प्रश्न आजही वेगाचाच असतो.

भोंगा वाजवला नाही, दिवा लावला नाही तर?

डोळे चालत नसतील तेव्हा कानांवर विसंबायचे, हा धुक्यातील नौकानयनाचा पाया आहे. चालू इंजिनच्या बोटीने दोन मिनिटांच्या आत एकदा चार ते सहा सेकंदांचा लांब भोंगा द्यायचा असतो. पाण्यात असूनही थांबलेली असेल तर दोन लांब भोंगे. मासेमारी करणाऱ्या किंवा शिडाच्या नौकेने एक लांब आणि दोन आखूड. नांगरलेल्या नौकेने दर मिनिटाला सुमारे पाच सेकंद घंटा वाजवायची. म्हणजे ऐकणाऱ्याला नुसते ‘कोणीतरी आहे’ एवढेच कळत नाही, तर ती नौका चालते आहे, थांबली आहे की नांगरलेली आहे, हेही कळते. १२ मीटरपेक्षा लहान बोटींना हे ठरावीक संकेत सक्तीचे नाहीत. मात्र दोन मिनिटांच्या आत एकदा कोणता तरी ठळक आवाज करणे त्यांनाही बंधनकारक आहे. शिट्टी, पत्र्याचा डबा, काहीही चालेल, गप्प राहणे चालत नाही.

दिव्यांचेही तसेच. धुके असेल तर दिवसाही दिवे लावायचे. वल्ह्याच्या होडीत किमान पांढऱ्या प्रकाशाची बॅटरी हाताशी हवी आणि वेळेत दाखवायला हवी.

भोंगा ऐकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. पुढच्या बाजूने धुक्यातून भोंगा ऐकू आला आणि धोका नाही अशी खात्री नसेल, तर वेग फक्त सुकाणू लागू राहील इतका कमी करायचा आणि गरज पडल्यास बोट पूर्ण थांबवायची. धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते. ‘आवाज डावीकडून आला म्हणून उजवीकडे वळलो’ असे अंदाजाने वळणे महागात पडते. लहान बोटींत आणखी एक अडचण असते. स्वतःच्याच इंजिनाच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून अनुभवी नावाडी मध्येमध्ये इंजिन बंद करून कानोसा घेतात.

रडार असले म्हणजे टक्कर होत नाही?

होते. २५ जुलै १९५६च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ धुक्यात ‘अँड्रिया डोरिया’ हे इटालियन प्रवासी जहाज आणि ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज एकमेकांवर आदळले. दोन्ही जहाजांवर रडार होते, दोघांनीही एकमेकांना पडद्यावर पाहिले होते. पण दोघांचे निष्कर्ष वेगळे निघाले. एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे वळले आणि दोघे एकाच जागी पोहोचले. ५१ जणांचा मृत्यू झाला आणि ‘अँड्रिया डोरिया’ दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. धुक्यातही ते ताशी सुमारे २२ सागरी मैल वेगाने चालले होते. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले, त्यामुळे दोष कोणाचा याचा न्यायालयीन निकाल कधी लागलाच नाही.

नंतरच्या नियमांनी हा धडा घेतला. अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारवरच्या अपुऱ्या माहितीवर, अंदाज बांधू नयेत असे ते स्पष्ट सांगतात. समोरच्या बाजूला केवळ रडारवर दिसणाऱ्या जहाजासाठी डावीकडे वळणे शक्यतो टाळावे, असेही त्यात आहे.

दोष ठरवणे किती अवघड असते, हे १९१४च्या ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ दुर्घटनेतही दिसले. २९ मे रोजी कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीत धुके उतरले आणि ‘स्टॉर्स्टाड’ हे नॉर्वेचे कोळसावाहू जहाज या प्रवासी जहाजावर आदळले. १४ मिनिटांत जहाज बुडाले, हजाराहून अधिक लोक गेले. कॅनडातील चौकशी आयोगाने ‘स्टॉर्स्टाड’ला दोषी धरले, नॉर्वेतील चौकशीने ‘एम्प्रेस’ला. घटना एक, धुके एक, निष्कर्ष उलटे.

धुके ही ‘देवाची करणी’ ठरत नाही का?

धुके नैसर्गिक आहे, पण धुक्यात वेगाने बोट चालवणे हा माणसाचा निर्णय आहे. कायदा हाच फरक करतो. अचानक आलेली, अंदाज न करता येणारी आणि पुरेशी काळजी घेऊनही टाळता न येणारी घटनाच ‘ईश्वरी कृत्य’ म्हणून जबाबदारीतून सोडवू शकते. हिवाळ्यात पहाटे धरणावर धुके येते हे गावातले लहान मूलही जाणते. मग ते अनपेक्षित कसे? माळशेज घाटात धुके असताना मोटार आदळली, तर पोलीस ‘दिवे लावले होते का, वेग किती होता’ असेच विचारतात. पाण्यावरही तेच प्रश्न विचारले जातात. फरक इतकाच, की पाण्यावर ‘निघायलाच हवे होते का?’ हाही प्रश्न येतो. धुके समोर दिसत असताना काठावरून निघालेली बोट आणि मध्यावर असताना धुक्यात सापडलेली बोट या दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

दोघांचा दोष असेल, तर नुकसानीची वाटणी कशी?

पूर्वी हिशेब सरधोपट होता. दोघेही दोषी, तर नुकसान निम्मे-निम्मे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७०च्या दशकात निकालात काढलेला ‘पेनसिल्व्हेनिया’ खटला धुक्यातल्या टक्करीचाच होता. ही आगबोट दाट धुक्यात जास्त वेगाने जात होती. पण जिला ती धडकली त्या शिडाच्या जहाजाने चालत असताना नियमाप्रमाणे धुक्याचा भोंगा न देता घंटा वाजवली होती. ज्याने सुरक्षिततेचा नियम मोडला, त्याच्या चुकीमुळे अपघात झाला नसता हे त्यानेच सिद्ध करावे, असे न्यायालयाने म्हटले आणि दोघांनाही जबाबदार धरले. चुकीचा आवाजही दोषात मोडतो, हे त्यातून ठळक झाले.

निम्म्या वाटणीतला अन्याय उघड होता. ज्याची चूक नाममात्र, त्यालाही अर्धे नुकसान सोसावे लागे. म्हणून १९१०च्या ब्रसेल्स करारापासून ‘ज्याचा जितका दोष, त्याचा तितका वाटा’ हे सूत्र आले. भारताच्या १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही तेच स्वीकारले गेले. प्रमाण ठरवणे शक्यच नसेल, तेव्हाच सारखी वाटणी. या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५मध्ये मंजूर केला आहे.

प्रवाशांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. या कायद्यानुसार दोन जहाजांच्या दोषामुळे माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर दोन्ही मालकांची जबाबदारी संयुक्त आणि स्वतंत्रही असते. म्हणजे पीडित कुटुंबाने ‘कोणाचा दोष किती टक्के’ या वादाचा निकाल लागेपर्यंत ताटकळायचे नसते. ते कोणा एकाकडे पूर्ण भरपाई मागू शकते, नंतर मालकांनी आपसात हिशेब करावा.

मुंबईतील टक्करी काय सांगतात?

७ ऑगस्ट २०१० रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेलगळती झाली आणि बंदराची वाहतूक ठप्प झाली. पोलिसांनी दोन्ही जहाजांच्या कप्तानांविरुद्ध गुन्हा नोंदवला.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिन चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जणांचा मृत्यू झाला. वेळ दुपारची होती आणि धुके नव्हते. धडकेसाठी स्पीडबोटीच्या चालकावर गुन्हा दाखल झाला. त्याचबरोबर प्रवासी बोटीत परवानगीपेक्षा जास्त लोक होते, ही बाबही पुढे आली. इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्यायला हव्यात. धडक का झाली, हा एक प्रश्न. धडकेनंतर इतके जीव का गेले, हा दुसरा. लाइफ जॅकेट नसणे, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरणे यांनी टक्कर होत नाही, पण मृत्यू वाढतात. त्या वाढीव हानीचा दोष धडक खाल्लेल्या बोटीच्या मालकावरही येऊ शकतो.

धरणातल्या होडीला कोणता कायदा लागू?

समुद्राचे आंतरराष्ट्रीय नियम भंडारदऱ्याच्या जलाशयाला थेट लागू होत नाहीत. देशांतर्गत जलक्षेत्रासाठी २०२१चा ‘अंतर्देशीय जहाज कायदा’ आहे. त्याने १९१७चा जुना कायदा बदलला. इंजिनवर चालणाऱ्या बोटींची तपासणी, नोंदणी, चालकाची पात्रता, दिवे व ध्वनिसंकेत, विमा आणि अपघाताची चौकशी हे विषय त्यात येतात. बिगर यांत्रिक होड्यांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. राज्यात या कामाची धुरा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

समुद्राचे नियम थेट लागू नसले, तरी त्यांचा उपयोग संपत नाही. ‘वाजवी काळजी घेतली होती का?’ हे तपासताना टेहळणी, वेग, दिवा आणि आवाज हीच मोजपट्टी साहजिकपणे पुढे येते.

इथे एक बोचरा मुद्दा आहे. पर्यटकांची वेगवान बोट आणि मच्छीमाराची वल्ह्याची होडी धडकली, तर मार बसतो तो होडीला. पण होडीत बॅटरी नव्हती, आवाज केला नव्हता, असे निष्पन्न झाले, तर जीव किंवा जाळे गमावलेल्या मच्छीमाराच्याच भरपाईला ‘अंशदायी हलगर्जीपणा’च्या नावाखाली कात्री लागू शकते. दोनशे रुपयांची बॅटरी आणि गळ्यातली शिट्टी हा त्याच्यासाठी जीवाइतकाच दाव्याचाही आधार आहे.

गुन्हा कोणता, भरपाई कोठे?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २८२नुसार बेदरकारपणे नौका चालवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भाडे घेऊन असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या बोटीतून माणसे नेणे हा कलम २८४खाली वेगळा गुन्हा आहे. हलगर्जीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू होते. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

भरपाईचा मार्ग मात्र रस्ते अपघातापेक्षा वेगळा आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बोटींच्या अपघातांसाठी नाही. तिकीट काढून बोटीत बसलेला पर्यटक ‘ग्राहक’ असतो. त्याला किंवा त्याच्या वारसांना सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मच्छीमार किंवा दुसऱ्या बोटीतील व्यक्तीला दिवाणी न्यायालयात जावे लागते. मृत्यू झाल्यास १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्यानुसार पत्नी, पती, आईवडील आणि मुलांसाठी दावा करता येतो. शासनाने जाहीर केलेली मदत ही मदत असते, तो दोषाचा निकाल नसतो. ती घेतली म्हणून बोटमालकाविरुद्धचा दावा संपत नाही.

दाव्याचे भवितव्य पुराव्यावर असते आणि पाण्यावर टायरच्या खुणा उरत नाहीत. म्हणून अपघातानंतर पोलिसांत तत्काळ खबर देणे, दोन्ही बोटींची मोडतोड कोणत्या बाजूला झाली याची छायाचित्रे काढणे, तिकीट जपून ठेवणे, त्या वेळी किती अंतरावरचे दिसत होते हे साक्षीदारांकडून नोंदवून घेणे महत्त्वाचे ठरते. बोटींची दुरुस्ती पंचनाम्याआधी होऊ देऊ नये.

प्रवाशांनी आणि नावाड्यांनी काय करावे?

समोरचा काठ दिसत नसेल, तर निघू नये. बहुतेक दिवशी ऊन चढल्यावर धुके विरते. तासाभराचा उशीर परवडतो. मध्यावर धुके आले, तर वेग कमी करावा, दिवा लावावा, एकाला पुढे बसवून नजर व कान ठेवायला सांगावे, ठरावीक वेळाने आवाज करावा आणि जमल्यास काठाच्या बाजूला येऊन थांबावे. प्रवाशांनी बोटीत पाऊल ठेवण्याआधी लाइफ जॅकेट घालावे. बोटीवर प्रवासी क्षमता लिहिलेली आहे का, हे पाहावे आणि माणसे जास्त होत असतील तर उतरावे. चालक धुक्यात निघत असेल, तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार तिकीट काढलेल्या प्रत्येकाला आहे.